ए, अ‍ॅन, द आणि काहीच नाही

मराठीत विचार करणाऱ्या माणसांचं इंग्रजी तपासणं हा माझा बऱ्याच वर्षांचा उद्योग आहे. पीएच.डी.चे प्रबंध, सहकारी संस्थांचे अहवाल, परदेशी देणगीसाठी केलेले प्रस्ताव, व्हिसाची पत्रं, अधूनमधून मराठीतून इंग्रजीत गेलेली एखादी कथा. स्पेलिंग आणि क्रियापदांच्या चुका आता फारशा उरलेल्या नाहीत, त्या संगणकच पकडतो. उरतात ती उपपदं. एका पानावर 'द'चा दुष्काळ, पुढच्या पानावर ओला दुष्काळ. लिहिणारी माणसं हुशार असतात, आपापल्या विषयात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे असतात. पण 'इथे द का घातलंत?' असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "असंच, वाचताना बरं वाटलं म्हणून." या कामातून जे हाती लागलं ते मांडतो. क्रमाला फार अर्थ नाही.

१. उपपद मराठीत नाही, त्याचं काम मात्र रोज चालतं.

"आपल्या भाषेत आर्टिकल नसतं, म्हणून आपल्याला जमत नाही" ही तक्रार अर्धीच खरी आहे. आर्टिकल संस्कृतात नाही, लॅटिनमध्ये नाही, रशियन, पोलिश, जपानीतही नाही. पण आपण ज्या वस्तूबद्दल बोलतोय ती ऐकणाऱ्याला ओळखीची आहे की नवी, हे सांगायची गरज प्रत्येक भाषेला पडते. श्रावणातल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर असतं, तिथे 'एक राजा' असतो. पुढच्या वाक्यात तो नुसता 'राजा' होतो, कारण आता तो आपल्या ओळखीचा झाला. इंग्रजीत पहिल्यांदा 'ए किंग' आणि नंतर 'द किंग' म्हणतात, ते याच कारणाने. कहाणी सांगणाऱ्या आजीला उपपद हा शब्द माहीत नव्हता, तरी तिची या बाबतीत कधी गल्लत झाली नाही.

मराठी हे काम तीन-चार आडवाटांनी करते. एक वाट शब्दांच्या क्रमाची. 'टेबलावर पुस्तक आहे' म्हटलं की पुस्तक नवं: 'ए बुक'. 'पुस्तक टेबलावर आहे' म्हटलं की ते दोघांना माहीत असलेलं: 'द बुक'. शब्द तेच आहेत, फक्त जागा बदलली. दुसरी वाट विभक्तीची. 'डॉक्टर बोलाव' म्हणजे कोणीही चालेल. 'डॉक्टरांना बोलाव' म्हणजे आपले नेहमीचे, ठरलेले. वर्गात हे पटवायला माझं एक हमखास उदाहरण आहे: 'ती नवरा शोधतेय' आणि 'ती नवऱ्याला शोधतेय'. पहिल्या वाक्यातली मुलगी वधूवर सूचक मंडळात नाव घालते. दुसऱ्यातली बाई लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत मान उंचावून बघत असते. एका 'ला'ने संसार उभा राहिला. इंग्रजीत हेच काम 'ए हजबंड' आणि 'हर हजबंड' करतात. हे ऐकून वर्ग हसतो, आणि हसणाऱ्या प्रत्येकाला फरक कळलेला असतो. ज्याला हा फरक कळतो, त्याला उपपदं कळू शकत नाहीत हे मी मानत नाही.

इंग्रजीची उपपदं मुळात आलीसुद्धा अशाच शब्दांतून. 'ए' आणि 'अ‍ॅन' हे जुन्या इंग्रजीतल्या 'एक' या अर्थाच्या शब्दाचे झिजलेले अवशेष आहेत, आणि 'द' आला तो दर्शक सर्वनामातून, म्हणजे आपल्या 'तो, ती, ते'च्या घराण्यातून. फ्रेंचांचं 'अं' आणि जर्मनांचं 'आइन'ही एकावरूनच आलेलं. 'एक' आणि 'तो' हे दोन्ही शब्द आपल्याकडे आहेतच. फक्त ते झिजून सक्तीचे झाले नाहीत.

आणि सक्तीचे नाहीत, म्हणूनच सरसकट अदलाबदल चालत नाही. 'द सन'साठी 'तो सूर्य उगवला' असं कोणी म्हणणार नाही. उलट दिशेनेही पंचाईत आहे. 'माझा एक मित्र अमेरिकेत असतो' याचं 'माय वन फ्रेंड' होतं, आणि 'एक माणूस आला होता' याचं 'वन मॅन हॅड कम'. इंग्रज कानाला 'वन' ऐकल्यावर मोजणी ऐकू येते: दोन नव्हे, एकच आला. तिथे 'ए मॅन' हवं, आणि मित्रासाठी 'ए फ्रेंड ऑफ माइन'.

२. आधी 'ए', मग 'द' हा शाळेतला नियम लग्नाच्या मांडवात मोडतो.

पहिल्या उल्लेखाला 'ए', दुसऱ्याला 'द' हे सगळ्यांना पाठ असतं. आता हे बघा: आम्ही एका लग्नाला गेलो, नवरी तयार होती, पण भटजींचा पत्ता नव्हता. लग्नाचा उल्लेख पहिल्यांदा होतोय, म्हणून 'ए वेडिंग'. नवरी आणि भटजींचाही पहिलाच उल्लेख आहे, तरी 'द ब्राइड' आणि 'द प्रीस्ट'. का? कारण लग्न म्हटलं की नवरी आलीच, भटजी आलेच. त्यांची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. 'ए ब्राइड' लिहिलंत तर वाचणारा विचारात पडेल की या मांडवात नवऱ्या किती होत्या! घर म्हटलं की 'द किचन', बस म्हटली की 'द कंडक्टर', पुस्तक म्हटलं की 'द ऑथर'.

म्हणून मी नियमाऐवजी एक प्रश्न देतो. नाम लिहिलं की समोरच्याच्या जागी बसायचं आणि विचारायचं: 'कोणता?' उत्तर त्याच्याकडे आधीच असेल, म्हणजे मागच्या वाक्यातून, प्रसंगातून, किंवा जगात तसा एकच आहे म्हणून, तर 'द'. नसेल आणि वस्तू मोजण्यातली, एकच असेल, तर 'ए'. नसेल आणि वस्तू अनेक किंवा न मोजण्यातली असेल, तर काहीच नाही. यातला 'समोरचा' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. प्रबंध लिहिणारे विद्यार्थी 'द मशीन', 'द मेथड' असं धडाधड लिहितात, कारण ते मशीन त्यांच्या प्रयोगशाळेत डोळ्यांसमोर असतं. परीक्षकाच्या डोळ्यांसमोर नसतं. त्यांच्या लेखी 'द', त्याच्या लेखी अजून 'ए'. लिहिणाऱ्याला काय माहीत आहे याच्याशी 'द'ला कर्तव्य नाही. वाचणाऱ्याला काय माहीत आहे, असं लिहिणारा धरून चालतो, त्याच्याशी आहे.

वकील आणि पेटंटवाले यात पक्के असतात. पेटंटच्या दाव्यात एखादा भाग पहिल्यांदा आला की 'ए स्प्रिंग', त्यानंतर कायम 'द स्प्रिंग'. आधी 'ए' न येता अचानक 'द स्प्रिंग' उगवली की तपासणारा अधिकारी हरकत घेतो: कोणती स्प्रिंग? भाड्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार हाताशी असेल तर काढून बघा. सुरुवातीला घरमालकाचं नाव, पत्ता, मग 'यापुढे द लायसन्सर म्हटले जाईल', आणि तिथून शेवटच्या पानापर्यंत त्या गृहस्थांच्या डोक्यावरून 'द' हलत नाही.

३. खऱ्या लेखनात गाळलेल्या जागा नसतात.

महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी पाचवीपासून असायचं. दोन्ही पिढ्यांनी उपपदं शिकली ती मात्र एकाच रीतीने: रिकाम्या जागा भरा. तीत जागा कुठे आहे हे पेपर काढणाऱ्याने आधीच सांगितलेलं असतं. विद्यार्थ्याने तिघांतून एक निवडायचं. पण खरी अडचण निवडण्याची नाहीच. इथे काही हवं आहे हे ध्यानात येण्याची आहे. कोऱ्या कागदावर रेघ ओढलेली नसते. आणि 'काहीच नको' हे चौथं उत्तर तर त्या प्रश्नात बसतच नाही.

माझा उपाय रुक्ष आहे, पण चालतो. परिच्छेद लिहून झाला की प्रत्येक नामाखाली रेघ मारायची. मग त्यातली एकवचनी, मोजता येणारी नामं बघायची. असं नाम उघडं ठेवायचं नाही. त्याच्यापुढे 'ए', 'द', 'माय', 'धिस', 'एव्हरी', काहीतरी हवंच. 'शी इज डॉक्टर', 'आय बॉट लॅपटॉप', 'ही इज गुड स्टुडंट' ही सगळी वाक्यं एवढ्या एका झडतीत सापडतात. अपवाद आहेत, पुढे येतील. पण अपवाद आधी शिकवून नियम मारायचा ही आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांची जुनी खोड आहे. रेन अँड मार्टिन उघडा, उपपद कुठे गाळावं याची यादी वाचून भलाभला घाबरतो.

४. 'अ‍ॅन' हा कानाचा मामला आहे, आणि कान मराठी आहे.

ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांपुढे 'अ‍ॅन' असं घोकलेली मुलं 'अ‍ॅन युनिव्हर्सिटी' आणि 'ए अवर' लिहितात. अक्षर बघायचंच नाही, ध्वनी ऐकायचा. युनिव्हर्सिटी 'य'ने सुरू होते, म्हणून 'ए'. अवरमधला एच मुका, म्हणून 'अ‍ॅन'. 'वन रुपी कॉइन'चा ओ प्रत्यक्षात 'व' आहे, म्हणून 'ए'. आद्याक्षरांची गंमत आपल्याकडे जास्त, कारण आपलं सरकारी आयुष्यच आद्याक्षरांवर चालतं. 'अ‍ॅन एसटी बस', 'अ‍ॅन एमएलए', 'अ‍ॅन एफआयआर', 'अ‍ॅन एलआयसी पॉलिसी'. एस, एम, एफ, एल ही लिहायला व्यंजनं, पण म्हणताना सगळी 'ए'ने सुरू होतात. त्यामुळे एकाच खोलीत राहून अभ्यास करणाऱ्या दोघांपैकी एक 'अ‍ॅन एमपीएससी' उमेदवार आणि दुसरा 'ए यूपीएससी' उमेदवार.

एक चूक मात्र खास आपली. 'अ‍ॅन इयर'. कान आणि वर्ष, दोन्हींचे इंग्रजी शब्द आपण एकसारखेच 'इयर' म्हणतो. वर्षवाल्या शब्दाच्या सुरुवातीला 'य' आहे, तो आपल्या तोंडात विरघळतो, आणि लिहिताना वर्षाआधी 'अ‍ॅन' येऊन बसतो. 'य' ठासून म्हणायची सवय लावली की चूक आपोआप जाते.

यातला इतिहास मला फार आवडतो. 'ए' हे मूळ आणि स्वर आला की त्याला 'न' जोडायचा, असं आपण समजतो. घडलं उलटं. मूळ रूप 'न'चं होतं, व्यंजनापुढे तो 'न' गळला. आणि मधल्या काळात हा 'न' कोणाचा, उपपदाचा की नामाचा, याबद्दल लोकांचे इतके घोटाळे झाले की काही शब्दांचं रूपच बदललं. क्रिकेटचा अंपायर मुळात 'नूंपेअर' होता. जुन्या फ्रेंचमधून आलेला हा शब्द 'जोडीचा नसलेला, तिसरा' अशा अर्थाचा. 'ए नूंपेअर' म्हणता म्हणता लोकांनी 'न' उपपदाला देऊन टाकला आणि 'अ‍ॅन अंपायर' उरला. एप्रन हा 'नेप्रन' होता. अ‍ॅडर नावाचा साप 'नॅडर' होता. उलट 'निकनेम'ने उपपदाचा 'न' पळवला. तो मूळचा 'एकनेम', म्हणजे जास्तीचं नाव. ऑरेंजचा 'न'ही असाच वाटेत सांडला, पण तो इंग्लंडात पोचण्याआधी, युरोपातल्या इतर भाषांत. आपल्या नारिंगाने तो जपून ठेवला आहे, स्पॅनिश 'नारांखा'नेही. वानखेडेवर पंचाच्या नावाने ओरडताना हे आठवायची गरज नाही, पण 'अ‍ॅन'चं वागणं पुस्तकी नसून तोंडाच्या सोयीचं आहे, हे मुलांना यातून चटकन पटतं.

जाता जाता: 'द'सुद्धा स्वरापुढे 'दी' होतो. 'द बॉलर', पण 'दी अंपायर'.

५. सल्ला मराठीत मोजता येतो, इंग्रजीत नाही.

आपण एक सल्ला देतो, दोन बातम्या सांगतो, चार पुरावे गोळा करतो. इंग्रजीत अ‍ॅडव्हाइस, न्यूज, एव्हिडन्स, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, होमवर्क हे सगळे न मोजता येणारे. त्यांना 'ए' किंवा 'अ‍ॅन' नाही आणि अनेकवचनाचा एसही नाही. यामागे तर्क शोधू नये. फर्निचर खोलीभर मोजता येतं, तरी शब्द मोजत नाही. ही यादी पाठच करावी लागते. हॉटेलात 'टू टीज' म्हटलं तर चालतं, तिथे कप मोजले जातात.

६. 'फ्यू' आणि 'ए फ्यू'.

'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसं कोणी आलं नाही. 'ए फ्यू पीपल केम' म्हणजे आले चारपाच जण. कार्यक्रमाच्या अहवालात 'ए' गळला की आयोजक नाराज झाल्यासारखा वाटतो. 'लिटल' आणि 'ए लिटल'चंही तसंच.

७. शाळेत जाणं आणि शाळेपर्यंत जाणं.

मूल 'गोज टू स्कूल'. बाप फी भरायला किंवा पालकसभेला 'गोज टू द स्कूल'. ज्या कामासाठी ती जागा आहे त्याच कामासाठी गेलात तर उपपद गळतं. इमारत म्हणून गेलात तर लागतं. तुरुंगाच्या बाबतीत हे फार जपावं. अशिलाला भेटायला गेलेल्या वकिलाने 'आय वॉज इन प्रिझन यस्टर्डे' असं पत्र लिहिलं, तर पुढची सगळी पत्रं खुलाशात जातात. झोपायला 'टू बेड', देवळात प्रार्थनेला 'टू टेंपल' मात्र नाही, ते 'टू द टेंपल'च. चर्चला ही सवलत आहे, देवळाला नाही. कारण ही सवलत जुन्या, रुळलेल्या शब्दांनाच मिळाली, आणि इंग्रज ज्या गावात हे शब्द रुळवत होता तिथे देऊळ नव्हतं. हॉस्पिटलबाबत ब्रिटिश आणि अमेरिकन यांचंच एकमत नाही. आजारी ब्रिटिश 'इन हॉस्पिटल' असतो, आजारी अमेरिकन 'इन द हॉस्पिटल'. पत्र कुठे जाणार ते बघून ठरवा.

८. ज्याला उपपदं चुकायची भीती वाटते तो 'द' जास्त घालतो.

ही दुसऱ्या टप्प्यातली चूक, आणि ती अर्धवट तयारीच्या लोकांत जास्त दिसते. 'द लाइफ इज ब्यूटिफुल', 'द नेचर', 'द ह्यूमॅनिटी', 'द करप्शन'. संकल्पना तिच्या पूर्ण पसरटपणात आली की ती उघडीच राहते: लाइफ, नेचर, करप्शन. मर्यादा पडली की 'द' येतो: द करप्शन इन धिस ऑफिस. मुंबई-पुण्यातल्या लोकांना हे समजवायला 'सोसायटी' हा एक शब्द पुरतो. नुसतं 'सोसायटी' म्हणजे समाज. 'द सोसायटी' म्हणजे आपली हाउसिंग सोसायटी, जिच्या मिटिंगला कोरम होत नाही. सामाजिक कार्यकर्त्यांच्या परिचयपत्रात 'आय हॅव वर्क्ड फॉर द सोसायटी' असं वाचलं की मला हे गृहस्थ पाण्याच्या टाकीचा हिशेब ठेवत असावेत असं वाटतं.

याच 'द'ची दुसरी बाजू म्हणजे समूह. 'पुअर' हे विशेषण, 'द पुअर' म्हणजे सगळे गरीब. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत 'वी, द पीपल ऑफ इंडिया' आहे, नुसतं 'वी, पीपल' नाही. नुसत्या 'पीपल'मध्ये काही लोक बाहेर राहू शकतात. 'द पीपल'मधून कोणी बाहेर राहत नाही. मराठीतल्या 'आम्ही भारताचे लोक'ला हे काम 'आम्ही'वर सोपवावं लागतं.

९. एका उपपदावर किती अडतं, याची दोन मोठी उदाहरणं.

पहिलं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचं. १९६७च्या जूनमध्ये सहा दिवसांचं युद्ध झालं, इस्रायलने बराच प्रदेश व्यापला. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी परिषदेने ठराव क्रमांक २४२ मंजूर केला. इस्रायली सैन्याने अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असं त्यात आहे. इंग्रजी मसुद्यात 'फ्रॉम टेरिटरीज' असं आहे, 'फ्रॉम द टेरिटरीज' नाही. म्हणजे सगळ्या प्रदेशांतून की काही प्रदेशांतून? इस्रायलच्या बाजूने म्हटलं गेलं, 'द' नाही, अर्थात सगळे नाहीत. अरब देशांनी फ्रेंच मसुद्याकडे बोट दाखवलं. तिथे 'दे तेरितुआर' आहे, आणि फ्रेंचमध्ये 'दे'च्या पोटात उपपद दडलेलंच असतं. हा 'द' विसरून राहिला नव्हता. मसुदा करणाऱ्यांनी तो पुरता तोलून बाहेर ठेवला होता. दोन्ही बाजूंनी होकार द्यावा म्हणून ठेवलेली फट आजवर बुजलेली नाही. हा ठराव मराठीत आणताना आपली खरी अडचण होते: 'व्यापलेल्या प्रदेशांतून' यात फट आपोआप राहते, आणि तिच्यावर वाद आहे हे वाचकाला कळतच नाही.

दुसरं उदाहरण चंद्रावरचं. जुलै १९६९मध्ये नील आर्मस्ट्राँग शिडीवरून उतरले आणि जगभर ऐकू गेलं ते छोट्या पावलाचं आणि मोठ्या झेपेचं वाक्य. म्हणायचं होतं 'फॉर ए मॅन', एका माणसाचं छोटं पाऊल. ऐकू आलं नुसतं 'फॉर मॅन'. इंग्रजीत उपपदाशिवायचा 'मॅन' म्हणजे मानवजात, आणि वाक्याच्या शेवटी 'मॅनकाइंड', तीही मानवजातच. म्हणजे मानवजातीचं छोटं पाऊल आणि मानवजातीची मोठी झेप. आपण 'ए' म्हणालो होतो, निदान म्हणायचं होतं, असं आर्मस्ट्राँग सांगत राहिले. अनेक ठिकाणी तो 'ए' कंसात छापतात. त्या ध्वनिमुद्रणाची नंतर कसून तपासणी झाली, त्यावर वादही झाले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा त्यांचाही 'ए' बोलताना इतका आखडतो की यंत्र लावून शोधावा लागतो. म्हणूनच नुसतं ऐकून इंग्रजी शिकलेल्या माणसाला उपपदं सापडत नाहीत. शाळेत आपण 'ए' लांब, स्वच्छ म्हणतो. बोलण्यात तो अर्ध्या 'अ'एवढा असतो. ऐकताना जे निसटतं ते पकडायला छापील मजकूर मोठ्याने वाचणं याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

१०. पण वर्तमानपत्राचे मथळे वाचून शिकू नका.

"सर, रोज इंग्रजी पेपर वाचतो" म्हणणारे बरेच जण मथळेच वाचतात. मथळ्यात जागा कमी म्हणून उपपदं आधी कापतात. 'मिनिस्टर ओपन्स ब्रिज' हे मथळ्यात ठीक, निबंधात नाही. जुन्या पिढीवर याहून मोठा संस्कार तारेचा होता. तारेत शब्दामागे पैसे पडत. 'द'साठी पैसे कोण मोजणार? तार २०१३ साली बंद झाली, पण 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' हे इंग्रजी कार्यालयीन ईमेलमध्ये अजून खुशाल जगतंय.

११. नकाशा वेगळा शिकावा लागतो.

नद्या, समुद्र, डोंगररांगा, बेटांचे समूह यांना 'द': द गोदावरी, दी अरेबियन सी, द वेस्टर्न घाट्स, दी अंदमान्स. एकटं शिखर, तलाव, शहर यांना नाही: कळसूबाई, लोणार लेक, सातारा. लक्ष्मी रोडला नाही, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला आहे. देशांच्या नावात राज्य, संघ, प्रजासत्ताक असं सामान्यनाम किंवा अनेकवचन आलं की 'द': इंडिया, पण द रिपब्लिक ऑफ इंडिया, तसंच द मालदीव्ज, द नेदरलँड्स.

मजा प्रदेशांची. 'द डेक्कन', 'द कोकण' हे इंग्रजीत अजून चालतं. ब्रिटिश काळात 'द पंजाब' होतं, ते गळालं. यात राजकारणही असतं. 'द'मुळे एखाद्या मोठ्या मुलखाचा भाग असल्याचा वास येतो. युक्रेन १९९१मध्ये स्वतंत्र झाल्यावर 'द युक्रेन' म्हणणं तिथल्या लोकांना खुपू लागलं, आणि जगाने हळूहळू ते सोडलं. उलट पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाने आपला 'द' अधिकृत नावातच जपला आहे.

आणि आपण मराठीत एक 'द' घेतलाच आहे की! तालुक्याच्या बाजारपेठेतून फिरा. 'दि अमुक अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक लि.' नाटकवाल्यांची 'दि गोवा हिंदु असोसिएशन'. सामान्यनामांतून बनलेलं संस्थेचं नाव, म्हणून पुढे 'द', हे व्याकरणाला धरूनच आहे. त्या 'दि'ला कोणी उपपद समजत नाही, तो बँकेच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. तो काढा असं सुचवून बघा.

१२. यंत्राला 'कोणता?' विचारता येत नाही.

'डॉक्टर आले' हे वाक्य इंग्रजीत न्यायचं आहे. ए डॉक्टर? द डॉक्टर? की डॉक्टर्स, कारण 'आले' हे आदरार्थीही असेल आणि अनेकवचनीही? घरातल्या लोकांना ते कळतं, कारण डॉक्टरांना बोलवायला त्यांनीच कोणाला तरी पाठवलेलं असतं. भाषांतराचं यंत्र मागचापुढचा मजकूर बघून अंदाज करतं, आणि तो पुष्कळदा बरोबरही येतो. पण मजकुरातच खूण नसेल तर ते काहीतरी एक ठोकून देतं, आणि वाक्य इतकं गुळगुळीत दिसतं की शंका येत नाही. व्याकरण तपासणारी सॉफ्टवेअरंही उपपद राहिलं हे नीट दाखवतात. 'ए' की 'द' यात मात्र त्यांचं डोळे मिटून ऐकू नये.

१३. काही ठिकाणी मी दुरुस्त करत नाही.

व्हिसाचं पत्र, प्रबंध, करार, अनुदानाचा प्रस्ताव यांत मी एकही उपपद ढिलं सोडत नाही. तिथे वाचणारा अनोळखी असतो आणि तो चूक बघून माणूस जोखतो. कथेतल्या संवादाचं वेगळं आहे. निसिम इझिकेल हे मुंबईचे, इंग्रजीत लिहिणारे कवी. 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' या त्यांच्या प्रसिद्ध कवितेत त्यांनी भारतीय माणसाचं बोली इंग्रजी जसंच्या तसं वापरलं. त्यात चेष्टा किती आणि माया किती यावर लोक अजून भांडतात. माझ्याकडे आलेल्या एका कथेत निवृत्त तलाठी नातवाच्या अमेरिकन बायकोशी इंग्रजीत बोलतो, आणि त्याच्या तोंडी 'माय वन फ्रेंड' होतं. मी लाल पेन उचललं नाही. निवेदनात मात्र त्याच पानावर 'इन व्हिलेज'चं 'इन द व्हिलेज' केलं, आणि समासात लेखिकेला लिहिलं: संवाद तुमचे तसेच ठेवले आहेत, प्रूफवाल्याला हात लावू देऊ नका.